शेठले हरवायचं नाही

बापूजी : पुन्हा गेला खड्ड्यात! अरे अब्रार, चुकव म्हटलं नं तुले!

अब्रार : चुकवूनच राह्यलो, बापूजी! तोंड तुळशीकडं... माफ करा, तुमच्याकडं तुळस, आमच्याकडं मेंदी. तोंड मेंदीकडं, काठी मेंदीकडं, तरी बॉल फिरून खड्ड्यात. हात बसला माहा. महिनाभर दुसरं केलं काय म्या?

रुबीना : ते मले विचारा. सरकी काढायच्या जिनाचा पट्टा तुटून पडला, सारा जिल्हा बोंडअळीनं रडून राह्यला, आन हे आंगणात गोल्फ खेळतेत.

बापूजी : अवं पोरी, मीबी रडतच आलो. माहा किडका कापूस तुमच्याच जिनात पडला नं. यवतमाळात कोणी हात लावत नाही. घेईन त तो नागपूरचा बाबुलाल शेठ, आन त्याचे सौदे होतेत गोल्फच्या मैदानावर.

अब्रार : म्हणूनच त शिकलो! म्हटलं, बराबरीनं खेळलो त शेठ इज्जत देईन.

बापूजी : इज्जत देईन, पण माल नाही घेणार. राळेगावच्या घनश्यामनं हरवलं त्याले. शेठनं हात मिळवला, चहा पाजला, अन् माल घेतला दुसऱ्याचा, जो शेठसंग हरला.

अब्रार : म्हणून चुकव म्हणता होय! अन् हे आज सांगता? परवा रविवारी शेठसंग खेळ हाय! हरायची प्रॅक्टिस कधी करू?

बापूजी : आत्ता. जोरानं हाण.

अब्रार : मागच्या हप्त्यात हाणला, तो कापसाच्या गंजीत घुसला. अजून सापडला नाही. गाठीत निघाला त शेठ म्हणन, अळीनं अंडं दिलं.

बापूजी : मग डोळे मिट.

अब्रार : मिटले. मारला. कुठं गेला?

रुबीना : खड्ड्यात.

बापूजी : डाव्या हातानं मार.

रुबीना : खड्ड्यात.

बापूजी : अरे बापा! हा त आता हरूच शकत नाही!

अब्रार : अल्लाची देन हाय, बापूजी. तुमचा कापूस माह्या हुनरनं बुडवला.

रुबीना : हुनर ठेवा बाजूले, आन चहाची पत्ती आणा.

(अब्रार काठी खांद्यावर टाकून दुकानात जातो.)

रुबीना : बापूजी, कपाळ सोडा. हे लिंबू घ्या, ठेवा आंगणात कुठंबी.

बापूजी : ठेवलं. ...अवं, हे त चाललं! गेलं की खड्ड्यात!

रुबीना : मोरीचा खड्डा हाय तो. सारं आंगण तिकडंच उतरते. बादली सांडली तरी पाणी तिकडंच.

बापूजी : म्हणजे ह्याले खेळता येतच नाही?

रुबीना : काहीच नाही. येऊ द्या, सांगतेच आता. लई छाती फुगली.

बापूजी : नको, पोरी. मुद्दाम हरणाऱ्याले शेठ बराबर वळखते. ह्याले जीव लावून खेळू दे.

अब्रार : हे घ्या पत्ती. बापूजी, येता येता सुचलं, एका पायावर उभं राहून...

बापूजी : राहू दे, अब्रार. रविवारी तू जिंकालेच खेळ.

अब्रार : आन तुमचा कापूस?

बापूजी : तुह्या हुनरपुढं कापूस काय चीज हाय?

अब्रार : बापूजी, तुम्ही माह्यासाठी एवढं... थांबा, हे लिंबू कोणी टाकलं खड्ड्यात?

रुबीना : बापूजीनं.

अब्रार : पहिल्याच झटक्यात? मग तुम्हीबी चला नं रविवारी.