जगनआबांचा गुडघा

कार्तिकातलं आभाळ सकाळपासून काळं पडलं होतं. कापूरहोळच्या फाट्यावर भोरच्या एसटीची वाट बघत बसलेली वनिता मास्तरीण शेजारच्या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं ऐकत होती. एक पालीची, दुसरी गुंजवण्याची जाईबाई. जाईबाईचे मालक जगनआबा पलीकडं काठी धरून बसलेले.

"तुमच्यात कापलं का वं भात?" पालीच्या म्हातारीनं विचारलं.

"परवाच समद्या गावानं कापलं. खाचरात वाळाया पसारलंय."

"अवं, मोबाईल चार दिस झालं पाऊस सांगतुया!"

"आमच्या गावात मोबाईलला कोण इचारतं? चाळीस वरसं ह्यांचा गुडगा सांगतुया. दुखला की पाऊस. एका साली असा ठणाकला, की गावानं कोंबड्यासुदिक माळ्यावर चढवल्या. दुसऱ्या दिशी नदी दारात!"

"मग औंदा?"

"समदी इचाराया आली. हे म्हणलं, कायबी दुखत न्हाई. लावला इळा समद्यांनी."

"आसा कसा चुकला गुडगा?"

"चुकतुय कुठला! श्रावणात लेकानं पुण्याला नेऊन बदलून घेतलाय. लोखंडाचा हाय. ध्येनातच आलं न्हाई कुणाच्या. ह्यांच्याबी."

थांब्याच्या पत्र्यावर टपटप सुरू झाली. बघता बघता सर कोसळली. तेवढ्यात गुंजवण्याची एसटी येऊन थांबली. आबा जागचे हलले नाहीत.

"उठा की वं! गुडगा दुखतुय व्हय?"

"दुखत न्हाई गं," आबा म्हणाले, "म्हणून तर उठवत न्हाई."