धोंड्याचा जावई आन् आबांचा ड्रम

जावयाच्या मानाचं तुमी मला सांगूच नका. धोंड्याच्या महिन्यात बायकोला घेऊन मी सोमेश्वरनगरहून अंथुर्ण्याला, सासुरवाडीला गेलो. उकाड्यानं जीव नकोसा झालेला, आन् घरातला एकुलता एक कूलर माजघरात, एका निळ्या ड्रमापुढं! ड्रमाला ओलं पोतं गुंडाळलेलं.

"आबा, ह्यात काय हाय?" मी सासऱ्यास्नी विचारलं.

"द्राक्षाची वाईन. फोनवर बघून घातलीय. उन्हाळ्यात लई खवळती, म्हणून गार ठिवायची." असं म्हणून त्यांनी पोराचा ताप बघावा तसा ड्रमावर तळवा ठेवला. वर मुंग्या जाऊ नयेत म्हणून झाकण गच्च आवळलेलं.

सासूबाईंनी पुरणाचे धोंडे पोटभर वाढले, नवी पांढरी कापडं दिली. ती घालूनच मी माजघरात आडवा झालो. आबा रानात गेलेले बघून कूलर हळूच माझ्याकडं वळवला. झोप अशी लागली म्हणता!

दोनेक तासांनी धाडकन आवाज झाला. झाकण उडून पत्र्याला आदळलं आन् मी डोक्यापासून पायापर्यंत जांभळा. तेवढ्यात रानातनं परतलेले आबा आवाज ऐकून पळत आत आले.

"काय झालं तर न्हाय ना?" आवाजात एवढी काळजी, की मला भरूनच आलं.

म्हटलं, "न्हाय आबा, मी बरा हाय."

ड्रमावर हात फिरवत असलेले आबा दचकून मागं वळले. "आं! जावईबापू, तुमी हितंच हाय व्हय?"