रंगाचे तीन हात

सून : आधी किल्ली काढा, बाबा. आणि खोदायचं बकेट जमिनीला टेकलंय ना?

सासरे : बकेट टेकवल्याशिवाय मी या सीटवरून आजवर उतरलेलो नाही. मला शिकवू नकोस.

सून : शिकवत नाही, विचारतेय. आत हात मला घालायचाय.

सासरे : घाल. दोघे घालून गेलेत. एकाने बॅटरी बदलली, दुसऱ्याने स्टार्टर. तिसरी तू, घरातलीच.

सून : घरातली म्हणून तिसरी आठवले वाटतं! सहा वर्षं मी मशीनचं इलेक्ट्रिकलच बघतेय.

सासरे : ती मोठी धुडं. हे एवढंसं, बोळातून जाणारं. नाजूक प्रकरण आहे.

सून : करंटला लहानमोठं कळत नाही. होतं काय ते नेमकं सांगा.

सासरे : किल्ली फिरवली की नुसतं टक्. पुन्हा फिरवली की पुन्हा टक्. दहा वेळा असं, अकराव्या वेळी लागलं तर लागलं. कालपासून तेही नाही.

सून : दिवे?

सासरे : झक्क लागतात. हॉर्नही वाजतो.

सून : मग त्या बिचाऱ्या बॅटरीचा काय दोष होता?

सासरे : मला काय विचारतेस? त्या शहाण्याला विचार. इथे फाटकाशी ट्रेलर येऊन उभा आहे आणि तू चौकशी करत बसलीयस.

सून : ट्रेलर कशाला?

सासरे : घरी बोललो नाही मी. बाराला मालक येतायत. तोवर हे चालू झालं नाही, तर चढवून विकायला नेणार. नवं येतंय, आत टीव्हीसारखा पडदा असलेलं. त्यावर नवा माणूस. मला म्हणाले, काका, आता आराम करा.

सून : मग करा की थोडा.

सासरे : नको मला आराम. घरात बसून भिंती बघत मी मरून जाईन, स्पष्ट सांगतो. सत्तावीस वर्षं खोदलंय मी. तुझ्यापुढे हात जोडायला लावू नकोस, एवढं कर.

सून : हात कसले जोडताय? बसा सीटवर. बाराला अजून चाळीस मिनिटं आहेत, भरपूर झाली. हा मीटर. बॅटरी बघा, साडेबारा व्होल्ट. ठणठणीत.

सासरे : मग लागत का नाही?

सून : जोर आहे, वाटेत अडतोय. करंट बॅटरीतून निघून स्टार्टरपर्यंत जातो, तसा त्याला इंजिनावरून, सांगाड्यावरून परत बॅटरीत यावं लागतं. जाण्याची वाट सगळे तपासतात. येण्याची कोणी बघत नाही.

सासरे : तू बघतेस.

सून : मी तिथूनच सुरुवात करते. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनाच्या अंगाला. फिरवा किल्ली.

सासरे : टक्. ऐकलंस?

सून : ऐकू द्या, मी आकडा बघतेय. सोडा. साडेचार!

सासरे : चांगलं की वाईट?

सून : वाईट. इथे अर्धा व्होल्टसुद्धा यायला नको. आता ही जाड केबल बॅटरीच्या मायनसपासून थेट इंजिनाला लावते. परतीला दुसरी वाट देऊ. फिरवा.

(इंजिन एका झटक्यात सुरू होतं.)

सासरे : लागलं! अगं, लागलं की!

सून : लागणारच. बंद करा. केबल तात्पुरती आहे, मूळ दुखणं शोधू द्या. मायनसपासून सांगाड्यापर्यंत ठीक. म्हणजे सांगाडा आणि इंजिन यांच्या मधली ती विणलेली पट्टी. बॅटरीची वायर सोडवते, मग पाना द्या. सतरा नंबरचा.

सासरे : हा घे.

सून : पट्टी छान आहे. बोल्ट निघाला. आणि खाली... हे काय? खाली सगळा पिवळा रंग. गुळगुळीत, जाड. रंगातून करंट जात नाही, बाबा. बोल्टच्या आट्यांतून जेमतेम जात होता, तिथेही आता काळं पडलंय. कोणत्या उपद्व्यापी माणसाने पट्टी काढून इथे रंग फासला?

सासरे : तो बोल्ट दे इकडे, पुसून ठेवतो.

सून : बाबा?

सासरे : फासला नाही. नीट दिलाय. तीन हात.

सून : तुम्ही?

सासरे : महिन्याभरापूर्वी मालक म्हणाले, काय अवकळा आलीय याला, काढूनच टाकू. मी तीन रविवार इथे येऊन घासून रंगवलं. चांगलं दिसलं तर ठेवतील, म्हणून. वरवर करणं मला जमत नाही. प्रत्येक बोल्ट काढला, खालीसुद्धा रंग दिला. गंजू नये म्हणून.

सून : अहो, वरवर केलं असतंत तर बरं झालं असतं!

सासरे : हस तू. मीच त्याच्या पायात बेडी घातली.

सून : हसत नाही. वायर ब्रश द्या. मालक आले की मी सांगेन, पट्टी सैल होती. खोटंही नाही फारसं.

सासरे : ते बघ, आलेच.

मालक : काय काका, झालं का काही? ट्रेलरवाला खोळंबलाय.

सून : पाच मिनिटं. एवढी जागा चकचकीत लोखंडापर्यंत घासते, पट्टी आवळते, वर थोडं ग्रीस. झालं.

मालक : तुम्ही कोण?

सासरे : माझी सून. मशीनचं इलेक्ट्रिकल बघते. दोघांना पंधरा दिवसांत सापडलं नाही, ते हिने अर्ध्या तासात काढलं.

मालक : काय होतं?

सून : पट्टी जरा सैल...

सासरे : थांब. शेठ, चूक माझी. पट्टीखाली मी रंग दिला. बॅटरी, स्टार्टर उगाच गेले. मशीनमध्ये खोट नाही. काढायचं तर मला काढा, याला भंगार म्हणू नका.

मालक : रंग? हे तुम्ही रंगवलंत? मला वाटलं, गॅरेजवाल्यांनी... बरं. वायर लावली? चालू करा.

सासरे : हे बघा, लागलं.

मालक : बंद करा. पुन्हा. आता दिवे लावून. पुन्हा एकदा.

सून : दहा वेळा करा. मीटर अर्ध्या व्होल्टच्याही खाली आहे.

मालक : ताई, मशीन ठीक आहे असं लेखी द्याल?

सून : आत्ता देते, सहीनिशी.

मालक : काका, ट्रेलर मी परत पाठवतो. त्या मागच्या भिंतीलगतचा चर आज पुरा होईल?

सासरे : चारच्या आत.

मालक : मग लागा कामाला. आणि यापुढे रंगाचा डबा घेतलात तर आधी मला सांगा.

सून : गेले ते. बाबा, डोळे पुसा, समोर दिसायला हवं. मी निघते, दुसऱ्या साइटवर वाट बघतायत.

सासरे : पाच मिनिटं थांब ना. इतकी वर्षं एका घरात राहतो, मी खोदताना तू कधी पाहिलंच नाहीस.