कोपराचा आळ

आदरणीय अध्यक्ष नानासाहेब, शेजारी बसलेले दवाखान्याचे डॉक्टरसाहेब, आज आपल्या चिंचवडातून बदलीवर निघालेल्या नर्स इंदुताई, आणि चहा कधी येतो म्हणून दाराकडं बघणारे माझे गाववाले, सोजराबाईचा सगळ्यांना नमस्कार.

दुसरं महायुद्ध संपलं त्या साली माझ्या छातीत कर्करोगाची गाठ निघाली. मुंबईत ती कापली, वर विजेचे शेक दिले, आणि मी ठणठणीत झाले. गेल्या साली मात्र शालनबाईकडं लग्नाची हळद दळताना माझा पदर सरकला, आणि शेकाच्या जागी जांभळा डाग बायांना दिसला. जातं थांबलं नाही, पण बातमी पारावर पोचली.

नानासाहेब, रागवू नका, न्यायाला तुम्हीच बसला होता ना? तुम्हीच विचारलंत, "चिमाजी, ह्या वयात बायकोवर हात उचलतोस व्हय?"

आमचे हे मान खाली घालून म्हणाले, "झोपंत माझंच कोपर लागलं आसंल."

ज्यांनी जन्मात ढेकूण मारला नाही, त्यांनी मारुतीपुढं दंडाचा नारळ ठेवला आणि अंथरूण गोठ्यात नेलं. डाग तरी वाढतच होता. आता कोपर काय गोठ्यातनं येत होतं?

तेवढ्यात नातीला देवी टोचायला इंदुताई घरी आल्या. डाग बघून म्हणाल्या, "आजी, मुका मार पिवळा पडून जातो. हा पसरतोय. शेक इथंच दिले होते ना? उद्याच मुंबईला चला."

"भात काढून जाते की."

"भात थांबेल, आजी. हा नाही थांबणार."

मुंबईचे डॉक्टर म्हणाले, जुना रोग परतलेला नाही. शेकाच्या जागी बऱ्याच वर्षांनी, क्वचित एखादीलाच, दुसऱ्या जातीचा कर्करोग उठतो. मी म्हटलं, एखादीच निवडायची तर शालन होती की. हसू नकोस गं शालन. शेकाला मी नावं ठेवत नाही. नातवंडांची बारशी मी त्याच्याच जिवावर जेवले.

डाग कापला. पण तो पुन्हा उठू शकतो, जागा बघत राहा, असं बजावलंय. आजवर इंदुताई बघायच्या. आता? आता आमचे हे कंदील धरून बघतात. अंथरूण घरात आलंय.

इंदुताई, तुमचे उपकार आहेत. जास्त बोलले असेन तर म्हातारीला सांभाळून घ्या. आणि नानासाहेब, इंदुताईंना शालीवर नारळ द्याल, तेव्हा एक जास्तीचा काढा. तो मागं खांबाला टेकून बसलेल्या आमच्या ह्यांच्या दंडाचा आहे. परत करा.