चढावरचं बाक

यंदा गल्लीतली कामं रहिवाशांना विचारून ठरणार होती. शिवणकामवाल्या मावशी दुकानासमोरच्या दिव्यासाठी अर्ज घेऊन पालिकेच्या खिडकीसमोर रांगेत उभ्या होत्या. त्यांच्या पुढे एक म्हातारं जोडपं होतं.

“बाक कशाला मागतेस? खड्डे सांग की.”

“खड्डे सगळेच सांगतील. दवाखान्याच्या चढावर बाक हवंच.”

“कारण काय लिहिलंस?”

“माझे गुडघे.”

“तुझे? काल दोनदा गच्चीवर जाऊन आलीस!”

“म्हणून तर आज दुखताहेत.”

“एवढ्याशा चढाला बाक! लोक हसतील.”

“हसू देत. तुम्ही रोज तिथे बुटाची नाडी बांधायला थांबता ना, तेवढा वेळ मी टेकेन.”

“सुटते गं ती सारखी.”

“अहो, सुनेनं नवे बूट आणल्याला महिना झाला. त्यांना नाडीच नाही.”

आजोबांची नजर बुटांकडे गेली.

“खाली बघू नका आता.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही तरी कुठं बोललात?”

खिडकीतल्या कारकुनानं अर्ज वाचला. “आजी, गुडघ्यांसाठी बाक?”

“गुडघे खोडा,” आजोबा म्हणाले. “तिचे ठणठणीत आहेत. दम मला लागतो.”

“बरं. पण आजोबा, एका घराच्या मागणीवर काम होत नाही. दुसऱ्या घराची सही लागते.”

“आता दुसरं घर कुठून आणू?”

“इकडे द्या तो कागद,” मागून मावशी म्हणाल्या. “आणि बाक तिघं बसतील एवढं लिहा.”