पिठावर न उमटलेलं पाऊल

नानांच्या दुखवट्याला जमलेल्या सगळ्यास्नी नमस्कार. मला चारचौघांत बोलाया जमत न्हाई, म्हणून मोबाइलवर टाईप करून आणलंय, तेच वाचतीया. भावकीच्या ग्रुपवर बी टाकलंय, सांगलीच्या आत्यास्नी येता आलं न्हाई म्हणून. शुद्धलेखनाला हसू नका. शाळा सातवीतच सुटली, आणि माझं बोट लय हळू चालतं.

नाना माझं थोरलं चुलतं. फौजेतनं आल्यावर सांजच्याला कट्ट्यावर बसून मला केरबाची गोष्ट सांगायचं. केरबा खरा न्हाई, नानांनीच रचल्याला. मुक्या टोळीतला, म्हंजी आवाज न करता चालणाऱ्यांतला, लढवय्या. पण लढाई कवाच आली न्हाई. सगळं त्याचं ल्हानपणच.

मी इचारलं, "नाना, शाळा सोडल्याल्या पोराला टोळीत घेतलं कसं?"

"गप बसता येत हुतं म्हणून, पोरी. तुझ्यागत."

टोळीतला गुरू रोज उंबऱ्यात पीठ पसरायचा. चाल म्हणायचा, पाऊल उमटाय नको. केरबाचं उमटायचं. रोज उमटायचं. गुरू म्हणायचा, "घरचं वज्जं घिऊन चालतुयास रं." मग एक दिस उमटलंच न्हाई. कसं काय, नाना? तर म्हणालं, "उद्या सांगतो."

त्यो उद्या ऱ्हायला.

आपण काल रातच्याला नानांच्या दिव्यापाशी पीठ पसरलं, वर बांबूची पाटी पालथी घातली. नाना कुठल्या जल्माला गेलं ते उमटल्याल्या पावलावरनं कळावं म्हणून. सकाळी पाटी उचलली. पीठ जसंच्या तसं. माझं मामा म्हणालं, "आवं, मुंगीचं तरी उमटाय पायजे हुतं!" कुणी म्हणालं, जीव अडकलाय. तवापासनं काकीनं, नानांच्या बायकूनं, घोटभर पाणी घेतलं न्हाई.

काकी, मला काय बी कळंना झालंय. जीव अडकला, का नाना केरबागत चालत गेलं? गोष्ट खोटी हाय, ठाव हाय मला. पण पीठ खरं धरायचं, तर गोष्ट का न्हाई धरायची? टोळीतलं बाहेर बोलायचं न्हाई, अशी शपत नानांनी घातल्याली. आज मोडली. तुमी पाणी प्यावं म्हणून. नानांवर वज्जं न्हाई ऱ्हायलं, काकी. तेवढं तरी धरा.

आता सगळी उभी ऱ्हाऊया. गप. पाय वाजवू नका.

...

बसा. आणि आत्ताच ग्रुपवर आलंय, तुमची परतीची कोरेगावची एसटी फाट्यावर पंक्चर झालीया. कुणी उठायची घाई करू नका.