शेवटच्या दोन ओळी

नेटा : पोट आत घे, वॉटी. म्हातारीचा झगा मागून लागत नाहीये.

वॉटी : झगा आटलाय.

नेटा : हो ना. लग्न झाल्यापासून बघतेय, दर नाताळला आटतो बिचारा.

वॉटी : बाहेरची पाटी पाहिलीस? मर्डो गेडिस! हातभर अक्षरं. आणि खाली माझं नाव, मुंगीएवढं. इतकी वर्षं नाताळच्या नाटकात म्हातारी होऊन, झगे घालून या डंडी शहरातल्या पोरांना हसवलं कुणी? मी. आणि आता राजा होऊन कोण आला? लंडनचा पाहुणा. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते खोटं नाही.

नेटा : पाहुणा कसला? तुझ्याच गल्लीतला, खाटकाचा मुलगा. याच रंगमंचावर तुम्ही दोघं मिळून एक गाय झाला होतात.

वॉटी : मी पुढचे पाय, तो मागचे. मुलाखतीत सांगतो का कधी?

नेटा : प्रत्येक मुलाखतीत सांगतो. तूच तर मला ऐकवतोस.

वॉटी : सांगतो आणि लोक टाळ्या वाजवतात! त्याचे मागचे पायसुद्धा गाजले. ग्लासगोला गेला, तिथून लंडनला, तिथून सिनेमात. चाच्यांचा सरदार झाला, पोप झाला. टीव्हीवर तो लंगडा इन्स्पेक्टर. लंगडतो तरी धड? तिसऱ्या भागात डाव्या पायानं, चौथ्यात उजव्या.

नेटा : आणि एवढं करून त्या दोन ओळी पण त्यालाच मिळाल्या. तिथं खरं दुखतंय तुला.

वॉटी : दुखणारच. नाटकाच्या शेवटच्या दोन ओळी इथं म्हातारीच म्हणते. माझ्या आधी म्हातारी करायचा तो डूगी म्हणायचा, तो गेल्यावर मी. आणि यंदा म्हणे, राजा म्हणेल.

नेटा : म्हणाला की काल. तालमीत.

वॉटी : हो. म्हणाला.

नेटा : पहिल्या खेळाआधी त्या ओळी तोंडातून काढणं म्हणजे अपशकुन, हे इथल्या पोराटोरांना ठाऊक आहे. तालमीत त्या जागी सगळे 'ला ला ला' करतात. तो विसरला. पण तू तर त्याला खेटून उभा होतास. पायावर पाय द्यायचास.

वॉटी : मी काय त्याची आई आहे?

नेटा : त्यानं तोंड उघडायच्या आधीच तू गालात हसत होतास. मी पडद्याआडून पाहिलं.

वॉटी : हसलो. सगळे गोठले, पियानोवाली बाई अपशकुन टळावा म्हणून लाकडावर बोटं ठोकायला लागली, आणि तो मध्ये उभा, कान लाल. फार बरं वाटलं नेटा. रात्री पडल्यावर तितकं बरं वाटलं नाही, ते सोड.

मर्डो : (दार ढकलून, हातात कागदी पिशवी घेऊन) पाचव्या भागातही उजवाच होता, वॉटी.

वॉटी : चोरून ऐकतोस?

मर्डो : या भिंती पूर्वीही कागदाच्याच होत्या. नेटा, ब्रायडी आणल्यात, आपल्या खिम्याच्या करंज्या. दोन भोकांच्या, म्हणजे कांदा घातलेल्या. तू सगळे भाग पाहिलेस, वॉटी?

वॉटी : चुका शोधायला.

मर्डो : तरी पाहिलेस. बरं, ऐक. कालच्या ओळी आता बाद. दिग्दर्शकबाईंनी सकाळी नव्या लिहिल्यात. हा घे कागद. तू म्हण. मी त्यांना तसं सांगितलंय.

वॉटी : दान करतोस होय? ठेव तुझ्याकडे. उष्टं खात नाही मी.

नेटा : ब्रायडी मात्र खातोयस.

मर्डो : दान नाही रे. भीती आहे. परवा तालमीला शाळेची मुलं आणली होती ना? तू आलास, तुझ्या मागे कुणी लपत आलं, तशी ती बाकांवर चढली. 'म्हातारे, मागे बघ, मागे बघ!' घसे बसेपर्यंत ओरडली. मग मी आलो.

वॉटी : मग? गप्प बसली. मान दिला तुला.

मर्डो : मानच दिला. कॅमेराही असाच मान देतो, वॉटी. खोकत नाही, हसत नाही. तीस वर्षं तोच समोर. मी विंगेत उभा राहून तुझ्याकडे बघत होतो, आणि असा जळलो की काय सांगू. या वयात. एका झग्यावर!

वॉटी : माझ्यावर? तू?

मर्डो : तुझ्यावर.

वॉटी : नेटा, ऐकलंस?

नेटा : ऐकलं. आता वाकू नकोस, टाचणी टोचेल.

वॉटी : आण तो कागद. ओळी मीच म्हणणार, वाटून घेणार नाही. माझ्याच आहेत त्या.

मर्डो : तुझ्याच.

वॉटी : आणि तुझं चुकतं कुठं, सांगू? तू पोरांकडे बघून अभिनय करतोस. तुला सगळं येतं, हे त्यांना दिसतं. मग ती कशाला ओरडतील? त्यांना ठाऊक आहे आणि आपल्याला नाही, असं काहीतरी हवं. शेवटच्या ओळींआधी मी पुढं येऊन नाक पुसत उभा राहीन. तू गुपचूप माझ्या मागे ये. मुकुट वाकडा कर. बोट तोंडावर. बस्स.

मर्डो : आणि तू?

वॉटी : मी वळणार नाही. पोरं तुझ्यासाठी ओरडेपर्यंत.

मर्डो : आणि नाही ओरडली तर?

वॉटी : ओरडतील. माझी पोरं आहेत ती. आजच्यापुरती उसनी देतोय.